भाताचं लोणचं

आमच्या घरात बाबा बैलाशी बोलायचे आणि काका कुत्र्याशी. दोघांना वेड लागलेलं नव्हतं. सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, एवढंच. कडावजवळच्या आमच्या गावात एका छपराखाली दोन चुली होत्या, मधे कुडाची भिंत होती आणि पुढची पडवी मात्र एकच होती. भांडण झालं होतं बांधावरच्या फणसावरून. त्याचं खोड आमच्या बाजूला आणि फणस धरायचे ते काकांच्या बाजूला, अशी त्या झाडाची चाल होती. सकाळी बाबा बैलाला पाणी दाखवताना मोठ्याने म्हणायचे, "तांबड्या, काल कुणीतरी आपल्या बांधावर कुदळ मारली हाय बरं का!" लगेच पडवीच्या दुसऱ्या टोकाकडून काकांचा आवाज यायचा, "टायगर, बांध काय कुणाच्या बापाचा नाय रं!" दोघांचा बाप एकच होता हे टायगरला सांगायचं राहून जायचं. आई चुलीपुढे तोंडाला पदर लावून हसायची आणि भाकरी करपायची. मी तेव्हा कर्जतच्या कॉलेजात जात होते आणि घरातल्या या चौघांची भाषणं ऐकतच वेणी घालायची. तांबड्या फार समजूतदार होता, कधी उलट बोलला नाही. टायगर मात्र काकांचं वाक्य संपलं की भुंकून अनुमोदन द्यायचा.

आईच्या ताब्यातल्या दोन वस्तूंना घरात कुणी हात लावायचा नाही. एक लोणच्याची बरणी आणि दुसरा बियाण्याचा मुडा. बरणीचं कारण सोपं होतं. बाबांना कैरीचं लोणचं इतकं आवडायचं की बरणी मोकळी ठेवली असती तर दिवाळी बघितली नसती. मुड्याची गोष्ट वेगळी. निवडलेलं भात पेंढ्यात घालून, पेंढ्याच्याच दोरीने करकचून आवळून आई त्याचा मोठा गोळा करायची आणि चुलीवरच्या माळ्यावर, धुरात ठेवून द्यायची. हे भात झिनी नावाच्या जातीचं. बारीक दाण्याचं, शिजताना शेजारच्या आळीला वास जाणारं. आईने ते खालापूरकडच्या तिच्या माहेराहून आणलं होतं. माझ्या आत्याचं लग्न झालं तेव्हा आईने नणंदेची ओटी तांदळाने न भरता याच बियाण्याने भरली होती. "तांदूळ खाऊन संपतील वन्सं, हे पेरा," असं म्हणाली होती म्हणे. पेरणी जवळ आली की गावातल्या बायका सूप घेऊन आमच्या पडवीत यायच्या आणि आई त्यांना मुड्यातलं भात मापून द्यायची. एरवी चारचौघांत खालच्या मानेने वावरणारी माझी आई त्या दिवसांत जरा ताठ चालायची. मला ती तेव्हा फार आवडायची.

बाबा खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे आणि सुट्टीच्या दिवशी शेतकरी व्हायचे. त्यामुळे शेतीतलं त्यांचं ज्ञान बरंचसं कॅन्टीनमधून आलेलं असे. तिथे त्यांचा एक सोबती होता, त्याची स्वतःची शेती म्हणजे खोलीच्या खिडकीतलं मिरचीचं एक रोप. पण बोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्या वर्षी त्याने बाबांच्या डोक्यात युरिया भरला. आमच्याकडे भाताचं रोप वाढवायच्या वाफ्यावर उन्हाळ्यात शेण, पातेरा, गवत पसरून भाजतात. त्याला राब म्हणतात. त्याने तणाचं बी मरतं, माती मऊ होते आणि अख्खं गाव महिनाभर खोकतं. "धूर करून शेती व्हायला ती काय चहाची टपरी हाय?" बाबांनी जाहीर केलं. "अवंदा राब नाय. एक पोतं खत, की काम झालं." पोतं आलं. पडवीत बाबांनी ते असं मांडलं की येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं. आत पांढरेशुभ्र दाणे, हुबेहूब साबुदाण्यासारखे. आईने चिमूट हातात घेऊन बघितली आणि पोत्याचं तोंड स्वतः गच्च बांधलं, न जाणो कुणी एकादशीला भिजत घालायचं.

खत पेरणीनंतर, रोपाने मूळ धरल्यावर टाकतात, हे दुकानदाराने बाबांना सांगितलं होतं. पण बाबांचा विचार पुढचा होता. "अगं, पोर जन्मलं की तू त्याला चार महिन्यांनी दूध पाजतेस का? लगेच पाजतेस ना? मग बियानं काय घोडं मारलंय? मी तर म्हणतो, पोटात असल्यापास्नंच दिलं पायजे."

"पोटात असताना बाईला डिंकाचा लाडू देतात," आई म्हणाली. "पोतं नाय देत."

पण बाबा ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. बायकांना मापून देऊन उरलेला सगळा मुडा त्यांनी आईकडून सोडवून घेतला. मोठ्या घमेल्यात भात ओतलं, वर युरिया ओतला, पाण्याचे हबके मारले आणि दोन्ही हातांनी कालवायला बसले. मधेच चव घेतात की काय, अशी मला भीती वाटली. कालवून झाल्यावर वर ओलं फडकं बांधलं आणि म्हणाले, "मुरू दे." त्या घमेल्याला उबेत असा काही वास सुटला की पडवीत बसावं तर खोपोली स्टेशनच्या मुतारीबाहेर बसल्यासारखं वाटायचं. पलीकडून काका म्हणाले, "टायगर, तू काय केलंस रं पडवीत? बाहेर जायला काय झालं तुला?" टायगरच्या चेहऱ्यावर, पहिल्यांदाच, अनुमोदन दिसलं नाही. बाबांनी तांबड्याला सांगितलं, "हसू दे लोकांना. लावणीच्या टायमाला येतील आवण मागायला. देऊ आपण. गावाला पुरंल एवढं देऊ."

हे बोलणं साधं नव्हतं. आवण म्हणजे लावणीसाठी उपटलेलं भाताचं रोप. आमच्या भागात आवण विकत नाहीत आणि मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. पण ज्याला हवं त्याने स्वतः दारात यायचं, मागायचं आणि देणाऱ्याच्या शेतात आधी लावणीला हात लावायचा, अशी रीत. म्हणजे देणारा वर्षभर मिशीवरून हात फिरवतो आणि घेणारा वर्षभर ऐकून घेतो. बाबांनी ही मिशी आधीच चढवली होती. बाजारात, देवळात, जाता-येता ते लोकांना सांगत सुटले होते की यंदा कमी पडलं तर आपल्याकडे या.

एक गोष्ट मात्र कुणाच्या नीट ध्यानात आली नाही. पडवीतलं पोतं वापरलेल्या मानाने जास्तच खाली गेलं होतं. बाबा म्हणाले, उंदीर. युरिया खाणारे उंदीर मी आजवर बघितलेले नाहीत, पण तेव्हा विचारलं नाही.

पेरणी झाली, पाऊस लागला. गावातल्या राबांवर हिरवी लव उठली. आमचा वाफा मात्र न्हाऊन बसलेल्या बाईसारखा स्वच्छ. बाबा म्हणाले, ताकदीचं बी खालून आधी मूळ मजबूत करतं. मग आणखी काही दिवसांनी खरंच हिरवं दिसायला लागलं आणि बाबांच्या अंगात वारं शिरलं. पाळीवरून आले की तोंड न धुता छत्री घेऊन वाफ्यावर. येणाऱ्याला थांबवून दाखवायचे, "बघ, पान बघ! कसं रुंद हाय! काळंशार!" पोटच्या पोरांचं कौतुक त्यांनी कधी एवढं केलं नव्हतं. शेवटी आई डोक्यावर इरलं घेऊन एकदा बघायला गेली. वाकून एक रोप उपटलं, बोटांत फिरवलं आणि शांतपणे म्हणाली, "अवं, ह्यो सावा हाय."

सावा म्हणजे भातातलं तण. राब भाजला नव्हता म्हणून ते जिवंत राहिलं होतं आणि वरच्या पावसाने खताचा जोर धुऊन गेल्यावर उरलेलं पिऊन माजलं होतं. झिनीचं एकही रोप वाफ्यात नव्हतं. बाबांनी माती उकरून बघितली. दाणे जसेच्या तसे, काळपट, मऊ पडलेले. बोटाने दाबला की पचकन फुटायचा.

इथवर हसण्यासारखं होतं. पण बाबा मातीचे हात झटकत उभे राहिले आणि समोरच्या चार माणसांदेखत म्हणाले, "बियाणंच मेलेलं. हिनं धुरात ठेवून ठेवून भाजून काढलंय. खत काय करणार?"

आई इरलं सावरून घराकडे वळली. पण गाव लहान असलं की वाक्य माणसाच्या आधी घरी पोचतं. दरवर्षी सूप घेऊन येणारी शेजारीण दुसऱ्याच दिवशी विहिरीवर म्हणाली, "पुढल्या सालाला मी बी दुसरीकडनंच बघीन म्हणते. तुमच्या घरच्यांनीच सांगितलं म्हणं." तिच्या स्वतःच्या राबावर आईचंच बियाणं हिरवंगार उभं होतं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. आई घागर भरून आली आणि माळ्यावरच्या रिकाम्या जागेकडे बघत बसली. मला बाबांचा इतका राग आला की मी त्यांच्या छत्रीची काडी मोडून ठेवावी असं वाटलं. शेत रिकामं राहणार हे दुःख होतंच. वर्षाचं खाणं जाणार होतं. पण घरातली एकच गोष्ट जी आईची म्हणून गाव ओळखत होतं, ती बाबांनी स्वतःची चूक झाकायला वापरली होती.

आई रडणाऱ्यांतली नव्हती. मुड्याचा रिकामा पेंढा गोठ्यात टाकायला काढला तेव्हा त्याच्या घडीत मूठभर भात अडकलेलं होतं. ते तिने निवडलं, भिजवलं, फडक्यात बांधलं आणि चुलीच्या कोपऱ्याशी उबेला ठेवलं. कुणाला काही सांगितलं नाही. मग एका दुपारी बाबा जेवायला बसले. आईने ताट पुढे सरकवलं. ताटात भाकरी नाही, कालवण नाही. मधोमध एक ढीग, पांढरे लांबसडक मोड आलेल्या भाताचा.

बाबा ताटाकडे बघत राहिले. "हे काय?"

"मेलेलं बियाणं. जेवा."

 भिंतीपलीकडे काकांकडची भांडी वाजायची थांबली होती, म्हणजे तिकडेही कान लागले होते. शेवटी बाबा, काहीतरी बोलायचं म्हणून, सवयीने म्हणाले, "लोणचं?"

"तुमचं लोणचं तुमी शेतात घातलंय," आई म्हणाली. "तिथं जाऊन खावा. आन् बगा, मुरलेल्या फोडीला कुठं कोंब फुटलेला दिसतोय का."

तिने बरणी उचलली, फडताळात ठेवली आणि किल्ली कनवटीला लावली. बाबांना त्या दिवसापासून भाकरी मिळाली, आमटी मिळाली, सुकट मिळाली, लोणचं नाही.

पुढे मी शाळेत विज्ञान शिकवलं. बियाला खत चिकटलं की ते मिठासारखं पाणी ओढून घेतं, बी तहानलेलंच राहतं. वर युरियातून निघणारा उग्र वायू कोवळा कोंब जाळतो, असं मी मुलांना फळ्यावर चित्र काढून सांगायचे. चित्र सुरेख यायचं. पण आईच्या वाक्यात ते सगळं आलं होतं, शिवाय तिने ते लोणच्यावरून रागाच्या भरात म्हटलं होतं, विज्ञान म्हणून नव्हे. आता मी नेरळला इमारतीत राहते. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी परवा कुंडीत धणे पेरले आणि वर मूठभर खत टाकलं. आठवड्याने वर येऊन म्हणाल्या, "धणे बोगस निघाले हो." मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, बसा, तुम्हाला एक गोष्ट सांगते.

तर त्या वर्षी आवण मागायला जायचं होतं. गावात जाणं बाबांना शक्य नव्हतं. गावाला त्यांनीच आमंत्रण देऊन ठेवलं होतं. उरली आत्या. धाकटी बहीण, खोपोलीच्या पलीकडे दिलेली. पण तिच्यापुढे एकटं जायचा धीर होईना, म्हणून मला बरोबर घेतलं. एसटीत, मग खोपोलीच्या गाडीत, मग टमटममध्ये ते एकच वाक्य घोकत होते, "आपण सहज आलोय. सहज विषय निघाला तर निघाला." आत्याच्या दारात पोचलो. समोरच्या उंबऱ्यावर बसून बशीतून चहा पिणारा माणूस आम्हाला बघून तसाच थिजला. ते काका होते.

आत्या दोघांकडे बघत उभी राहिली, कंबरेवर हात. "आज दोघं बी? कोण गेलं?"

"कोण नाय," काका म्हणाले. "सहज आलोय."

"मी बी सहजच," बाबा म्हणाले.

टायगर घरी होता, तांबड्याही घरी होता, त्यामुळे पुढे कसं बोलायचं हा दोघांपुढे मोठाच प्रश्न पडला. शेवटी काकांनाच राहवेना. बशी खाली ठेवून ते थेट बाबांवर उसळले, "समदं तुज्यामुळं झालं दादा! अर्धा राब गेला माजा!"

"माज्यामुळं? तू तर राब भाजलावतास!"

"भाजलावता. पण तुजं पोतं बघितलं आन् वाटलं, ह्यो अवंदा आपल्या पुढं जातो. म्हणून पेरताना चार ओंजळी मी बी टाकल्या बियात."

"कुठनं आणलास?"

काकांनी मान खाली घातली. "तुज्याच पोत्यातनं."

"म्हंजे उंदीर तू व्हय!" बाबा ओरडले. आणि मग, मला नीट आठवतं, दोघेही एकदम गप्प झाले, कारण फणसाच्या भांडणानंतर ते पहिल्यांदाच एकमेकांशी बोलले होते आणि दोघांच्याही ते आत्ताच ध्यानात आलं होतं.

आत्या हसून हसून दारातच बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "आवण हाय. मी दरसाल हात सैल सोडूनच पेरते. दोघांना पुरंल. पण रीत म्हाईत हाय ना? आधी माजं शेत लावायचं. दोघांनी. एका वळीत, शेजारी शेजारी."

"लावणी बायकांचं काम गं," बाबा म्हणाले. "आमी चिखल करतो, आवण वाहतो."

"चिखल करून आलाय की. आता लावा."

तिने आम्हाला तिच्या राबावर नेलं. मऊ, दाट, वाऱ्याने एका बाजूला झुकणारं रोप. बाबांनी उकिडवं बसून एक काडी उपटली. झिनीच्या बुडाशी पुसटशी जांभळी रेघ असते, ती तिथे होती. हे आईनेच ओटीत घातलेलं बियाणं, सालोसाल पेरून जपलेलं. आत्या म्हणाली, "वैनीचं बियाणं कधी दगा देत नाय बग." बाबांनी ती काडी पुन्हा चिखलात खोचली. ती तिथे लावायची नव्हती, पण त्यांना हातात धरवेना.

मग आम्ही लावणी केली. मी मधे, एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला काका. मला लावणीची सवय होती. त्या दोघांची ओळ अशी गेली की बांधावरच्या बायका काम सोडून बघायला आल्या. बाबा रोप इतकं वर लावायचे की ते पाण्यावर तरंगत आत्याच्या शेजाऱ्याकडे निघून जायचं, आणि काका इतकं खोल खुपसायचे की शेंडाही दिसायचा नाही. "आरं, पुरतोस काय!" बाबा म्हणाले. "तुजं तर गावाला निघालंय!" काका म्हणाले. तेवढ्यात काकांच्या अंगठ्याला मुठ्याने, म्हणजे शेतातल्या काळ्या खेकड्याने, धरलं. काका चिखलातच नाचले. बाबा हसता हसता मागे बसले, ते थेट पाण्यात. दुपारी आत्याने त्याच मुठ्यांचं कालवण केलं, बरोबर तांदळाची भाकरी. दोघे भाऊ एका ताटात जेवले. ज्याने काकांना धरलं होतं तो खेकडा बाबांनी शोधून त्यांच्याच वाट्याला घातला.

टेंपोत आवणाच्या मुठी, म्हणजे जुड्या, भरून आम्ही निघालो. मागे मुठींवर भाऊ बसले होते आणि फणस या खेपेला कापून निम्मा निम्मा घ्यायचा की आठळ्याही मोजायच्या, यावर कर्जतपर्यंत त्यांचं बोलणं चाललं होतं. गावाच्या वळणावर बाबांनी फणसाचं बोलणं सोडून टॉवेलने तोंड पुसलं.

आई पडवीत उभी होती. तिने टेंपोतली एक मूठ उचलली, बुडाशी जांभळी रेघ बघितली आणि तिला कळलं.  बाबा उतरून तिच्या समोर आले आणि तसेच वळून गोठ्याकडे गेले. तांबड्याच्या मानेवर हात ठेवून मोठ्याने म्हणाले, "तांबड्या, हिचं बियाणं सोन्यासारखं हाय रं. वाटोळं मी केलं."

"तांबड्याला म्हाईत हाय," आई म्हणाली. "मला सांगा. आन् विहिरीवर जाऊन सांगा, तिथनं गेलंय ते."

पलीकडे काका होते, टेंपोवाला होता, मी होते. बाबांनी एकेकाकडे बघितलं. टायगरकडेही बघितलं. मग ते आईकडे वळले आणि तिच्या तोंडाकडे बघून, तांबड्याला सांगितलं होतं ते सगळं तिला सांगितलं. आवाज थोडा लहान होता. मग खांद्यावर टॉवेल टाकून, चिखलाच्या पायांनीच, विहिरीच्या वाटेला लागले. तिथे ते काय बोलले ते मला माहीत नाही. पण त्याच संध्याकाळी शेजारीण सूप न घेताच पडवीत येऊन बसली, आणि आईला म्हणाली, "पुढल्या सालाचं माजं माप आताच धरून ठेव गं."

बाबा आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. मी वाढत होते. ताटात भाकरी होती, वालाचं बिरडं होतं. आईने कनवटीची किल्ली सोडून माझ्या हातात दिली आणि तव्याकडे बघतच म्हणाली, "बरणी काढ. फोड मोठी घाल."